मी ओढलेल्या सिगारेटींमुळे त्याला वाचता येत नाही का?

गेल्या अंकात कमी वजनाच्या बाळांविषयी लिहिताना गर्भारपणातल्या सिगारेटचा उल्लेख मी एका वाक्यात केला होता. उरलेल्या सगळ्या लेखावर मिळून जितकी पत्रं आली, त्याहून जास्त त्या एका वाक्यावर आली. बहुतेक पत्रांखाली नाव नाही. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला देते आहे.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. बोलतो छान, गोष्टी रंगवून सांगतो, पण वाचायला बसवलं की अडतो. जोडाक्षर आलं की पुस्तक मिटून टाकतो. वर्गात लक्ष नसतं, अशी बाईंची तक्रार आहे. त्याच्या वेळी दिवस गेल्याचं मला उशिरा कळलं, आणि कळल्यावरही पाचव्या महिन्यापर्यंत मी दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढत होते. ही गोष्ट फक्त नवऱ्याला माहीत आहे. परवा कुठेतरी वाचलं, की गर्भारपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांचा बुद्ध्यांक कमी असतो. तेव्हापासून तो पुस्तक घेऊन बसला की मला त्याच्याकडे बघवत नाही. हे माझ्यामुळे झालं का? खरं काय ते सांगा.

ताई, खरंच सांगते. तुमच्या मुलाचं वाचन त्या सिगारेटींमुळे अडतंय का, हे कुठलाही डॉक्टर ठरवू शकत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही की मेंदूचा फोटो नाही. तुमची समजूत काढण्यासाठी मी हे म्हणत नाही. पन्नास वर्षं या प्रश्नावर अभ्यास चालू आहे आणि त्यातून काय निघालं, ते तुम्हाला नीट माहीत असायला हवं. अर्धवट वाचलेल्या एका ओळीने तुमची झोप उडावी, हे मला पटत नाही.

मार्च १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे १७,००० बाळांची नोंद झाली आणि पुढे त्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. त्यावरून नेव्हिल बटलर आणि हार्वी गोल्डस्टाइन यांनी १९७३ मध्ये मांडलं, की चौथ्या महिन्यानंतरही दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या आयांची मुलं वाचनात, गणितात आणि एकूण समजेत ३ ते ५ महिन्यांनी मागे होती आणि उंचीला सरासरी १ सेंटिमीटर कमी होती. आता या ३ ते ५ महिन्यांचा अर्थ काय? एकाच वर्गात जूनमध्ये जन्मलेलं आणि नोव्हेंबरमध्ये जन्मलेलं मूल शेजारी-शेजारी बसतं, तेवढा हा फरक. तोही सरासरीचा. त्या मुलांत वर्गात पहिली येणारी होती आणि शेवटची येणारीही होती. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या एल्मायरा या गावातल्या अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात ४ गुणांच्या आसपास फरक दिसला. तुम्ही वाचलं ते बहुधा असंच काहीतरी असणार.

पुढची गोष्ट मात्र अशा बातम्यांमध्ये सहसा छापली जात नाही. गर्भारपणात सिगारेट न सुटणाऱ्या बायका आणि कधीच न ओढणाऱ्या बायका यांच्यात फक्त सिगारेटचाच फरक असतो असं नाही. शिक्षण, घरातला पैसा, मनावरचा ताण, कुणाचा आधार आहे की नाही, हे सगळंच वेगळं असतं, आणि त्या प्रत्येक गोष्टीचा मुलाच्या शिकण्यावर परिणाम होतो. म्हणून २००६ मध्ये बॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो मुलांची आकडेवारी पुन्हा तपासली. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्या आयांच्या मुलांच्या बुद्ध्यांकात आधी २.८७ गुणांचा फरक दिसत होता. आईचं शिक्षण हिशेबात धरल्यावर तो ०.२७ वर आला, म्हणजे जवळजवळ पुसलाच गेला. स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना झाली. एकाच्या वेळी आई ओढत होती, दुसऱ्याच्या वेळी नव्हती. पंधराव्या वर्षीचे शाळेतले निकाल पाहिले, तर एकाच आईच्या पोटच्या मुलांत जो फरक दिसायला हवा होता तो दिसेना. म्हणजे बुद्धीतल्या फरकाचा बराचसा भाग घरातल्या इतर परिस्थितीतून येतो, असं म्हणायला चांगला आधार आहे.

यावरून सिगारेट निर्धोक ठरली असं कुणी समजू नये, आणि तुम्हीही समजू नका. निकोटिन वारेतून सरळ बाळापर्यंत पोचतं. बाळाच्या मेंदूत पेशींची वाढ आणि जोडणी ज्या रासायनिक खुणांवर चालते, त्यातल्या काही खुणा ओळखणाऱ्या जागांवर हेच निकोटिन जाऊन बसतं, आणि त्या जागा पहिल्या तीन महिन्यांतच तयार होत असतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट धरतो. बाळाच्या रक्तात तो आईच्या रक्तातल्यापेक्षा जास्त साठतो. बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमने कमी भरतं. अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, वार आधीच सुटणं, पोटात बाळ दगावणं यांचा धोका वाढतो, आणि या बाबतीत शास्त्रज्ञांत दुमत नाही. फार आधी जन्मलेल्या मुलांना पुढे शिकताना अडचणी जास्त येतात, हेही पक्कं आहे. तेव्हा सिगारेटकडून मेंदूकडे जाणारा एक रस्ता असा वळसा घेऊनही जातो. तुमचं बाळ पुऱ्या दिवसांचं होतं का, जन्माचं वजन किती होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जन्माच्या वेळचे कागद असतील तर काढून ठेवा, दाखवायला लागतील.

आता मी तुम्हाला माझी एक चूक सांगते. ही मी फार थोड्या लोकांना सांगितली आहे.

मुलांच्या वाढीची तपासणी करायला मी नुकती लागले होते. चार वर्षांची एक मुलगी आणली होती; उशिरा बोलते आणि सांगितलेलं करत नाही, एवढी तक्रार. आमच्याकडे इंचभर बाजूचे लाल लाकडी ठोकळे असतात. त्या वयाच्या मुलाला तीन ठोकळ्यांचा पूल करता यायला हवा. मी ठोकळे तिच्यापुढे सरकवले आणि कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता म्हटलं, ‘पूल कर.’ तिने एक ठोकळा मधे ठेवला, चार बाजूंना चार लावले आणि माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, ‘पूल.’ तिने ते चार ठोकळे बोटाने आणखी नीट जुळवले. मी लिहिलं, ‘सूचना समजत नाही.’ मग आईला नेहमीचे प्रश्न विचारले. गर्भारपणी सिगारेट ओढत होते, असं ती अगदी हळू म्हणाली. मी म्हटलं, ‘मग असं होणारच.’ ती काही बोलली नाही. मुलीच्या हातातला ठोकळा काढून तिने टेबलावर ठेवला, मुलीला उचललं आणि गेली. परत आली नाही.

वर्षभराने कानांच्या एका डॉक्टरांशी बोलताना तीच मुलगी निघाली. दोन्ही कानांत पडद्यामागे घट्ट पाणी साठलेलं होतं. बारीक नळ्या घातल्यावर ती घडाघडा बोलायला लागली होती. घरी येऊन मी तिचा कागद काढला. ठोकळ्यांची मांडणी मी त्यावर काढून ठेवली होती : मधे एक, भोवती चार. मी ‘पूल’ म्हणत होते आणि तिला ‘फूल’ ऐकू येत होतं. तिने फूलच केलं होतं, तेही दोनदा.

आईच्या तोंडून सिगारेट हा शब्द निघाला आणि माझा शोध तिथेच थांबला. म्हणून तुमचं पत्र वाचताना मला पहिली काळजी वाटली ती हीच, की तुमचाही शोध तिथेच थांबू नये.

तेव्हा क्रमाने करा. आधी कान. श्रवणचाचणी आणि तिच्यासोबत पडद्यामागचं पाणी दाखवणारी टिम्पॅनोमेट्री, दोन्ही करून घ्या. घरात आजही कुणी ओढत असेल तर हे जास्तच गरजेचं, कारण धुरात वाढणाऱ्या मुलांच्या कानांत पाणी साठण्याचं प्रमाण जास्त असतं. मग डोळे. मग वाचनाची स्वतंत्र तपासणी. बोलणं सरस, गोष्टी सांगणं सरस आणि छापील अक्षर पाहिलं की घाबरगुंडी, हे तुमचं वर्णन वाचून मला डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन अडण्याची, शंका येते. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. मुलाच्या बाबांना आणि तुमच्या भावंडांना एकदा विचारा, की लहानपणी त्यांचं वाचन कसं होतं. पुष्कळदा बाप खाली मान घालून सांगतो, ‘मलाही चौथीपर्यंत येत नव्हतं.’ सातव्या वर्षी नीट, पद्धतशीर शिकवणी सुरू झाली तर फरक पडतो, आणि तो पडताना मी पाहिला आहे.

तपासणाऱ्या डॉक्टरांना सिगारेटचं सांगा. माझ्यासारखं कुणी काही बोललं तर दुसरा डॉक्टर गाठा, पण लपवू नका.

आणि रोज दहा मिनिटं त्याला तुम्ही वाचून दाखवा. त्याला वाचायला लावू नका, तुम्ही वाचा आणि तो ऐकू दे. पुस्तक आणि आईचं पडलेलं तोंड यांची त्याच्या मनात जोडी जमायला लागली असेल, तर ती आधी मोडायला हवी.

प्रश्न : मला अकरावा आठवडा चालू आहे. दिवसाला दहा ओढायचे, आता चारवर आणल्या आहेत. मैत्रीण म्हणते, एकदम सोडू नकोस, ताणाने बाळाला धक्का बसेल; चार चालतात. पण या वेळी तलफ आधीपेक्षाही वाईट येते. माझी इच्छाशक्तीच कमी पडते का?

मैत्रिणीचं हे ऐकू नका. सिगारेट एकदम सोडल्याने बाळाला इजा होत नाही. सोडताना चिडचिड होते, झोप बिघडते, रडू येतं. त्याचा त्रास तुम्हाला होतो, बाळाला होत नाही.

दहावरून चारवर आलात, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण इथे थांबू नका. सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत झुरका खोल घेतो, जास्त वेळ धरून ठेवतो आणि थोटूक अगदी शेवटपर्यंत ओढतो. त्यामुळे संख्या निम्म्यावर आली तरी शरीरात जाणारं विष निम्मं होतंच असं नाही.

तलफेचं कारण वेगळं आहे आणि ते कळल्यावर तुम्हाला बरं वाटेल. गर्भारपणात यकृत निकोटिन फार वेगाने निकामी करतं. निकोटिनपासून बनणारं कोटिनिन एरवी निम्मं व्हायला सुमारे १७ तास लागतात. गर्भारपणात ते ९ तासांच्या आसपास निम्मं होतं. म्हणजे तीच सिगारेट तुम्हाला पूर्वीपेक्षा कमी वेळ पुरते आणि पुढची तलफ लवकर येते. शरीराचा वेगच बदलला आहे. इच्छाशक्तीला उगाच दोष देऊ नका.

तुमच्या हातात चांगली वेळ आहे. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या २००९ च्या एका अभ्यासात, १५ व्या आठवड्याच्या आत पूर्ण सोडलेल्या बायकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचं आणि खुरटलेल्या बाळांचं प्रमाण न ओढणाऱ्या बायकांइतकंच निघालं. तुमच्याकडे चार आठवडे आहेत. आणि हे वाचणाऱ्या एखादीला सातवा महिना असेल, तर तिनेही पान उलटू नये. बाळाचं वजन सर्वांत जास्त शेवटच्या तीन महिन्यांत भरतं आणि मेंदूही तेव्हाच झपाट्याने वाढतो.

जिथे तपासणीला जाता तिथे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र आहे का, विचारा. पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि मग नळीतून सावकाश सोडायचा. पडद्यावर आकडा चढत जातो. एका बाईंचा आकडा १४ वर जाऊन थांबला, तेव्हा त्यांनी दुसरा हात पोटावर ठेवला आणि तो आकडा विझेपर्यंत उचलला नाही. चार दिवसांनी त्या परत आल्या. सिगारेट सोडून त्यांना तीन दिवस झाले होते. यंत्रावर २ आला. हा वायू मोठ्या माणसाच्या रक्तातून दर चार-सहा तासांनी निम्मा होत जातो, त्यामुळे सोडल्याचं फळ दिसायला महिने लागत नाहीत. त्यांनी मला तो आकडा कागदावर लिहून मागितला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला.

स्वतःच्या बळावर जमत नसेल तर निकोटिनच्या पट्ट्या किंवा गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोला; परस्पर सुरू करू नका. ब्रिटनमध्ये १,०५० गरोदर बायकांवर पट्ट्यांची चाचणी झाली. बाळंतपणापर्यंत सिगारेट सुटण्यात पट्ट्यांनी ठळक मदत केलेली दिसली नाही, पण त्या मुलांची दोन वर्षांनी पाहणी केली तेव्हा पट्टीच्या गटातली मुलं मागे पडलेली नव्हती, उलट त्यांची वाढ थोडी सरस होती. निकोटिन बाळासाठी चांगलं नाहीच. पण पट्टीत कार्बन मोनॉक्साइड नाही, धूर नाही, आणि रात्री ती काढून ठेवता येते. ई-सिगारेटबद्दलही बऱ्याच जणींनी विचारलं आहे : तिच्यात कार्बन मोनॉक्साइड नसतो, निकोटिन मात्र सहसा असतंच, म्हणून तिला निर्धोक समजू नका. तंबाखू चघळल्यानेही निकोटिन तितकंच रक्तात उतरतं.

प्रश्न : पत्नीला सहावा महिना आहे. ती ओढत नाही. मी बाल्कनीत जाऊन, दार लावून ओढतो. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. दाराच्या फटीतून धूर आत येतो. शेवटचा झुरका घेऊन तुम्ही आत आलात तरी पुढची काही मिनिटं तुमच्या श्वासातून धूर निघत असतो. कपड्यांवर, केसांवर तो बसलेला असतो. दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या गरोदर बाईच्या बाळाचं वजनही थोडं घटतं. अमेरिकेत ६ ते १६ वर्षांच्या ४,३९९ मुलांच्या रक्तातलं कोटिनिन मोजून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांचे वाचनाचे आणि गणिताचे गुण कमी, असं त्यात दिसलं. वर सांगितलेली घरच्या परिस्थितीची शंका इथेही घ्यायलाच हवी, पण तुमच्या घरातला धूर तर तुमच्याच हातात आहे.

बाळ आल्यानंतरचं एक आत्ताच सांगून ठेवते, आणि यात मी जराही सूट देणार नाही. आई-वडिलांपैकी कुणीही ओढत असेल तर बाळाला तुमच्या अंथरुणात झोपवू नका. त्याची झोपायची जागा वेगळी, तुमच्याच खोलीत, आणि झोपवायचं पाठीवर. झोपेत अचानक बाळ दगावण्याच्या घटनांत धुराचा वाटा फार मोठा आहे.

तुम्ही दोघं एकत्र तपासणीला जाता का? जात असाल तर पुढच्या वेळी तुम्हीही त्या यंत्रात फुंका.

प्रश्न : माझी आई माझ्या वेळी सर्रास ओढत होती. मी इंजिनिअर झालो, बहीण डॉक्टर आहे. उगाच बायकांना घाबरवू नका.

तुम्ही दोघं चांगले निघालात याचा आनंद आहे. तुमच्यासारखी मुलं १९५८ च्या त्या १७,००० मध्येही पुष्कळ होती, हे मी वर लिहिलंच आहे. पण ज्यांचं बाळ पोटातच गेलं, त्यांचा मुलगा असं पत्र लिहायला नसतो. मी रोज त्या आयांनाही भेटते.

प्रश्न : गर्भारपणात सोडली होती. बाळ दोन महिन्यांचं आहे आणि गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू झाली, दिवसाला तीन. आता अंगावर पाजणं बंद करू का?

बंद करू नका. निकोटिन दुधात उतरतं हे खरं, तरीही सिगारेट ओढणाऱ्या आईचं दूध बाळासाठी चांगलंच. धुरामुळे छातीच्या ज्या दुखण्यांचा धोका वाढतो, त्यांच्याशी झगडायला हेच दूध मदत करतं.

वेळ मात्र सांभाळा. ओढायचीच झाली तर पाजून झाल्यावर लगेच ओढा, म्हणजे पुढच्या पाजण्यापर्यंत दुधातलं निकोटिन उतरायला वेळ मिळतो. ते साधारण दीड-दोन तासांत निम्मं होतं. पाजण्याच्या आधी कधीच नको. २००७ मध्ये १५ आयांवर एक लहानसा अभ्यास झाला : आईने सिगारेट ओढली त्या दिवशी बाळं साडेतीन तासांत सरासरी ५३ मिनिटं झोपली, ओढली नाही त्या दिवशी ८४ मिनिटं. तुम्ही लिहिलं आहे की बाळ हल्ली टक्क जागं असतं आणि ते जागं म्हणून तुम्ही जाग्या, आणि रात्रीच्या जाग्रणातच पहिली सिगारेट पेटली. हे चक्र कुठून फिरतं ते पाहा. रात्रीचं एक पाजणं आधी काढून ठेवलेल्या दुधावर बाळाच्या बाबांनी सांभाळलं आणि तुम्हाला सलग चार तास झोप मिळाली, तर मला वाटतं त्या तीनपैकी रात्रीची तरी सुटेल. तिच्यापासून सुरुवात करा आणि पंधरा दिवसांनी मला कळवा.